मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याहून विमानाने डोंगरात आणि पुढे गाडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की गोव्यातील घराघरांत मे महिन्याच्या सुट्टीची बोलणी सुरू होतात आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या कुटुंबांकडून साधारण तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतात. ते येथे सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी, जेथे उत्तराचा काही भाग अन्यत्र आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विमान आणि गाडी अशी जोड सहल म्हणजे नेमके काय, आणि ती गोव्याहून का करावी?

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विमानतळापर्यंत विमानाने जायचे, तेथे गाडी भाड्याने घ्यायची (स्वतः चालवण्यासाठी किंवा चालकासह) आणि फिरून झाल्यावर त्याच किंवा दुसऱ्या विमानतळावरून परतायचे, अशी ही पद्धत आहे. गोव्याहून मनाली रस्त्याने दोन हजार किलोमीटरांहून दूर आहे, त्यामुळे घरची गाडी घेऊन निघाल्यास सुट्टीतील निम्मे दिवस मैदानी महामार्गावरच संपतात. विमानाने हा वेळ वाचतो आणि भाड्याच्या गाडीमुळे डोंगरात मनाप्रमाणे थांबता येते.

२. ठिकाण निवडताना सर्वांत आधी काय ठरवावे?

बहुतेक जण आधी ठिकाणाचे नाव ठरवतात आणि मग दिवस मोजतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. प्रत्यक्ष मुक्कामाचे दिवस किती, गाडीत सलग किती तास बसणे घरातील सर्वांना झेपेल आणि रात्रीचा मुक्काम किती उंचीवर चालेल, ही तीन उत्तरे कागदावर आली की निवड बरीचशी आपोआप होते.

डोंगरातील अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. पणजी ते काणकोण हे सुमारे ७० किलोमीटरचे अंतर आपण दीड-दोन तासांत कापतो, परंतु बागडोगरा ते दार्जिलिंग या जवळपास तेवढ्याच अंतराला तीन तास धरावे लागतात आणि मे महिन्यातील गर्दीत त्याहून जास्त लागतात. चंडीगड ते सिमला सुमारे ११५ किलोमीटर आहे, त्याला चार तास धरावेत. कोची विमानतळ ते मुन्नार सुमारे ११० किलोमीटर असून तेथेही तेवढाच वेळ लागतो. गोव्याहून या विमानतळांपर्यंत अनेकदा दिल्ली, मुंबई किंवा बंगळुरू येथे विमान बदलावे लागते, त्यामुळे पहिला दिवस प्रवासाचाच समजावा आणि त्याच संध्याकाळी घाट चढण्याचा बेत आखू नये.

३. मे महिन्यात बर्फाची शिखरे खरोखर दिसतात का? छायाचित्रांत तर सगळीकडे दिसतात.

या पानावरील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

हिमालयातील थंड हवेच्या ठिकाणांची जी छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतील बरीचशी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील असतात. पाऊस संपून हवा धुतली गेलेली असते आणि शंभर किलोमीटरांवरचे शिखरही तेव्हा स्वच्छ दिसते. मे महिन्यात मैदानातून वर येणारी धूळ, शेतातील गव्हाचे खुंट जाळल्याचा धूर आणि चीड वृक्षांच्या जंगलांत लागणारे वणवे यांमुळे खालच्या डोंगरांवर करडा पडदा पसरतो. उत्तराखंडात २०१६ आणि २०२४ या वर्षांच्या उन्हाळ्यांत वणव्यांनी मोठे नुकसान केले, आणि अशा वर्षी नैनिताल, मसुरी किंवा कौसानी येथे आठवडाभर राहूनही एकही शिखर न पाहता परतणारे पर्यटक असतात. कौसानीहून त्रिशूल (७,१२० मीटर) आणि नंदादेवी (७,८१६ मीटर) यांचे विलक्षण दर्शन होते हे खरेच आहे, परंतु मे महिन्यात त्याची खात्री देता येत नाही.

म्हणून मे महिन्यापुरता एक भेद मनात पक्का ठेवावा: ज्या गावातून पर्वत ‘दूरवर दिसतात’ ती गावे वेगळी आणि जी गावे पर्वतांच्या ‘आत’ आहेत ती वेगळी. किन्नौरमधील कल्पा हे गाव सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे. तेथील गच्चीवर उभे राहिले की सतलजच्या खोऱ्यापलीकडे किन्नर कैलासाची रांग समोरच उभी असते. मध्ये धुके साचायला मैदानच नसते. लाहौलमधील सिस्सू, काश्मीरमधील सोनमर्ग, कुमाऊँमधील मुन्स्यारी ही गावे याच जातीची आहेत. मुन्स्यारीसमोर गोरी गंगेच्या पलीकडे पंचाचूलीची पाच शिखरे उभी आहेत आणि त्यांतील सर्वोच्च ६,९०४ मीटर उंच आहे.

कोठेही गेलात तरी शिखरे पाहण्याची वेळ सूर्योदयापासून सकाळी आठ-नऊपर्यंतची असते, कारण त्यानंतर उष्णतेने ढग चढू लागतात. मे महिन्यातही अधूनमधून पश्चिमी झंझावातामुळे डोंगरांत पाऊस आणि गारा पडतात. त्या दिवशी फिरणे बुडाले तरी वाईट वाटून घेऊ नये आणि दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा गजर मात्र चुकवू नये, कारण पावसाने धूळ खाली बसलेली असते आणि ती सकाळ साऱ्या सहलीतील सर्वांत स्वच्छ असण्याचा संभव असतो.

४. तिकीट मोपाहून काढावे की दाबोळीहून?

जेथून वेळ सोयीची असेल तेथून काढावे, परंतु जाणे आणि येणे एकाच विमानतळावर आहे ना हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथून विमाने सुरू झाल्यापासून तिकिटांच्या संकेतस्थळांवर दोन्ही विमानतळ ‘गोवा’ या एकाच नावाखाली दिसतात. दाबोळीचा संकेत जीओआय आहे आणि मोपाचा जीओएक्स. गाडी दाबोळीला लावून गेलेले कुटुंब मध्यरात्री मोपाला उतरले, तर मुले आणि सामान घेऊन अख्खा गोवा ओलांडावा लागतो. काणकोण, सांगे किंवा केपे येथील लोकांनी पहाटेचे मोपाचे विमान घेण्यापूर्वी घरातून किती वाजता निघावे लागेल याचा हिशेब करावा. मोपाहून पणजी आणि मडगावकडे कदंबच्या बसही जातात.

५. आम्ही पहिल्यांदाच जात आहोत, हातात सहा दिवस आहेत आणि मुलांना बर्फ पाहायचा आहे. एकच नाव सांगा.

श्रीनगर, आणि सुरक्षिततेच्या कारणाने तेथे जायचे नसेल (प्रश्न ८ पाहावा) तर मनाली व लाहौल.

श्रीनगरचा फायदा असा की विमानतळच सुमारे १,६०० मीटर उंचीवरील खोऱ्यात आहे आणि तेथून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर, सोनमर्ग सुमारे ८० आणि पहलगाम सुमारे ९० किलोमीटर आहे. म्हणजे लांबचा घाट न चढता रोज एक दिशा करून संध्याकाळी मुक्कामी परतता येते. गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवाटच्या उतारावर सुमारे ३,९०० मीटरपर्यंत नेतो आणि तेथे मे महिन्यातही बर्फ असतो. त्याचे तिकीट आधीच ऑनलाइन काढावे. मात्र ट्यूलिपची बाग पाहण्याच्या आशेने मे महिन्यात जाऊ नये, कारण तो बहर मार्चअखेर ते एप्रिल एवढाच असतो.

६. हिमाचलमध्ये मनाली चांगली की किन्नौर?

मुलांना बर्फात खेळायचे असेल तर मनाली, मोठ्यांना पर्वत पाहत शांत बसायचे असेल तर किन्नौर. माझे मन किन्नौरकडे झुकते आणि ते मी लपवत नाही.

मनाली चंडीगडहून सुमारे ३०० किलोमीटर आहे. चौपदरी रस्त्याचे व बोगद्यांचे काम बरेच झाल्याने पूर्वीपेक्षा वेळ कमी लागतो, तरीही विमानतळावरून निघाल्यास पूर्ण दिवस धरावा. शहरात मे महिन्यात पराकोटीची गर्दी असते. खरा लाभ पुढे आहे: ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा पार केला की लाहौलचे कोरडे, उंच, बर्फाने मढलेले डोंगर सुरू होतात. बोगद्यातून जाण्यास परवाना लागत नाही. ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत जायचे असेल तर मात्र ऑनलाइन परवाना लागतो, रोजच्या गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि मंगळवारी रस्ता देखभालीसाठी पर्यटकांना बंद ठेवला जातो. मुक्काम शक्य असल्यास मनाली शहराऐवजी नग्गरला किंवा बोगद्यापलीकडे सिस्सूला करावा.

किन्नौरला चंडीगड–सिमला–नारकंडा–सांगला–कल्पा असा मार्ग आहे. सहा दिवसांत हे घाईचे होते, आठ-नऊ दिवस असावेत. पहिला मुक्काम नारकंड्यास (सुमारे २,७०० मीटर) केला तर सिमल्याची वाहतूककोंडी टळते आणि उंचीचीही सवय होते. पुढे बास्पा नदीच्या काठाने सांगला आणि छितकुल येते. छितकुल सुमारे ३,४५० मीटरवर असल्याने तेथे दिवसा जाऊन सांगल्यास परतणे बरे. सतलजच्या बाजूचा रस्ता काही ठिकाणी कड्यात कोरलेला आहे आणि वरून दगड येतात, म्हणून येथे स्थानिक चालक घ्यावा, असे मी निक्षून सांगतो.

७. उत्तराखंड कसे? चारधाम यात्रेचा त्रास होतो का?

होतो. यात्रा साधारण एप्रिलअखेर वा मेच्या सुरुवातीला सुरू होते आणि ऋषिकेशहून वर जाणारे मार्ग भरून जातात. औली बद्रीनाथच्याच मार्गावर असल्याने यात्रा करायची नसली तरी त्याच रांगेत अडकावे लागते. धामांना जाणाऱ्या प्रत्येकासाठी नोंदणी अनिवार्य आहे. नुसते पर्वत पाहायचे असतील तर गढवाल सोडून कुमाऊँकडे वळावे: पंतनगर विमानतळ, तेथून पहिला मुक्काम अल्मोडा किंवा बिनसर परिसरात आणि दुसऱ्या दिवशी मुन्स्यारी. रस्ता लांब आहे, एका दिवसात करू नये. नैनिताल पंतनगरहून दोन-अडीच तासांवर आहे, पण शनिवार-रविवारी तेथे गाड्या वेशीबाहेरच अडवल्या जातात.

८. काश्मीरला जाणे सुरक्षित आहे का?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळील बैसरन येथे पर्यटकांवर झालेला हल्ला कोणीही विसरलेले नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याला भित्रे म्हणणे मला मान्य नाही. त्यानंतर खोऱ्यातील अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली आणि त्यांतील काही पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. मे २०२५ मध्ये श्रीनगर, लेह आणि चंडीगडसह उत्तरेतील अनेक विमानतळ काही दिवस बंद होते. म्हणून निर्णय कुटुंबाने एकत्र घ्यावा, विमानाची व हॉटेलची आरक्षणे पैसे परत मिळतील अशीच करावीत आणि जी स्थळे प्रशासनाने उघडलेली नाहीत तेथे कोणाच्याही आग्रहाने जाऊ नये.

दोन व्यावहारिक सूचना. अन्य राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, म्हणून निदान एका फोनमध्ये पोस्टपेड जोडणी हवी. तसेच श्रीनगर विमानतळाबाहेर गाडी व सामान यांची वेगळी तपासणी होते, त्यामुळे परतीच्या दिवशी विमानाच्या तीन तास आधी पोहोचावे.

९. दार्जिलिंग आणि सिक्कीममधून कांचनजंगा दिसेल ना?

मे महिन्यात दिसली तर भाग्य समजावे. पूर्व हिमालयात वळवाचा पाऊस लवकर सुरू होतो आणि ८,५८६ मीटरचे ते शिखर दिवसेंदिवस ढगात राहते. चहाचे मळे, १८८१ पासून धावणारी छोटी रेल्वे आणि युमथांगच्या वाटेवर एप्रिल-मे महिन्यांत फुलणारे ऱ्होडोडेंड्रॉन यांसाठी जायचे असेल तर खुशाल जावे. केवळ शिखरासाठी जायचे असेल तर ही सहल दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवावी, कारण तेव्हा ते रोज दिसण्याची आशा धरता येते.

सिक्कीममध्ये स्वतः गाडी चालवण्याचा आग्रह धरू नये. छांगू सरोवर, नाथू ला, लाचुंग आणि लाचेन यांसाठी परवाना लागतो, तो नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत मिळतो आणि गाडीही सिक्कीमचीच घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस्तेला आलेल्या महापुरानंतर उत्तर सिक्कीमचे रस्ते वारंवार बंद पडले आहेत, तेव्हा परवान्याचे अर्ज करण्याआधी रस्त्याची ताजी स्थिती विचारावी.

१०. एवढे लांब जायचे नाही. मुन्नार किंवा उटी चालेल का?

चालेल, बर्फाचा हट्ट नसेल तर. मुन्नारजवळील आनमुडी (२,६९५ मीटर) हे दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर आणि उटीजवळील दोड्डबेट्टा २,६३७ मीटर. गोव्यातील सर्वोच्च सोसोगड सुमारे १,१६६ मीटर आहे, यावरून कल्पना यावी. उंचीचा त्रास होत नाही, रस्ते सुस्थितीत आहेत आणि स्वतः गाडी चालवणाऱ्या नवख्या माणसासाठी हीच खरी सुरुवात आहे. मे महिन्यात दुपारनंतर वळवाच्या सरी येतात, म्हणून फिरणे सकाळी उरकावे.

उटी आणि कोडाईकनाल येथे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. हंगामात कुन्नूर व कोटागिरी या दोन घाटांवर अनेकदा एकेरी वाहतूक केली जाते, त्यामुळे नकाशावरील रस्ता आणि पोलिसांनी दाखवलेला रस्ता वेगळा असू शकतो. उटीला घरच्या गाडीने म्हैसूरमार्गे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की बंदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते.

११. लेहला थेट विमानाने उतरून गाडी घेतली तर?

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. सकाळी समुद्रसपाटीवरून निघालेला माणूस दुपारपूर्वी तेथे उतरतो आणि शरीराला हवेतील कमी प्राणवायूची सवय करून घेण्यास वेळच मिळत नाही. पहिले ४८ तास हॉटेलवर विश्रांती, भरपूर पाणी आणि मद्य अजिबात नाही, एवढे पाळल्याशिवाय ५,३५९ मीटरच्या खार्दुंग ला खिंडीकडे जाऊ नये. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे आहेत. बसल्या जागी धाप लागू लागली, बोलणे अडखळले किंवा चाल डगमगली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे आणि रुग्णालय गाठावे. उंचीच्या त्रासावरील डायमॉक्सची गोळी घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. एकूण आठ दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर लेह निवडू नये. भाड्याच्या गाडीबद्दल प्रश्न १३ पाहावा.

१२. गाडी स्वतः चालवावी की चालकासह घ्यावी?

जो गाडी चालवतो तो रस्ता पाहतो, त्याला पर्वत पाहता येत नाहीत. वर्षभर राबून मिळालेल्या सुट्टीत घरातील एका माणसाने शिखरांकडे पाठ फिरवून बसावे हे मला पटत नाही, म्हणून हिमालयात पहिल्या खेपेस चालकासह गाडी घ्यावी. दोघे चालवणारे असतील, दोघांनाही घाटाचा सराव असेल आणि मार्ग सिमला–नारकंडा किंवा कुन्नूर–उटी असा रुळलेला असेल, तर स्वतः चालवण्याचे स्वातंत्र्य मोठे आहे. हव्या त्या वळणावर थांबता येते आणि लहान मुलाला उलटी आल्यास कोणाची घाई नसते. चालकासह गाडी ठरवताना त्याचे जेवण, रात्रीचा मुक्काम, पार्किंग आणि राज्याचा कर कोणाकडे, हे लिहून घ्यावे. वाद याच चार गोष्टींवरून होतात.

१३. भाड्याची गाडी घेऊन कोठेही जाता येते का?

नाही. आपल्याकडे ‘रेंट अ कॅब’च्या गाड्यांना काळी पाटी आणि तीवर पिवळी अक्षरे असतात, तोच नियम सर्वत्र आहे. टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देऊ केली तर घेऊ नये, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते.

लडाखमध्ये बाहेरून आणलेल्या भाड्याच्या गाड्यांना, त्या स्वतः चालवायच्या असोत की टॅक्सी असोत, पँगाँग किंवा नुब्रासारख्या ठिकाणी स्थानिक टॅक्सी संघटना जाऊ देत नाहीत, तेव्हा तेथील गाडी लेहमध्येच घ्यावी. पहलगामला पोहोचलेल्या बाहेरच्या टॅक्सीला आरू किंवा बेताब खोऱ्यात नेता येत नाही, स्थानिक टॅक्सी करावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. सिक्कीमचे नियम प्रश्न ९ मध्ये आले आहेत.

१४. मी चोर्ला आणि अनमोड घाट नेहमी चालवतो. हिमालयात वेगळे काय आहे?

चोर्ला घाट तासाभरात संपतो आणि तेथे रस्ता संपेपर्यंत ब्रेक तापायला वेळ मिळत नाही. हिमालयात उतार दोन-दोन तास चालतो. ज्या गियरमध्ये चढ चढाल त्याच गियरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी ‘एल’ किंवा हाताने गियर बदलण्याची सोय असते, ती निघण्यापूर्वी शिकून घ्यावी. जळल्यासारखा उग्र वास आला आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, तर समजावे की ब्रेक तापले आहेत. सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गाडी थंड होऊ द्यावी, चाकांवर पाणी मारू नये.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा. दुपारी चारनंतर नवा घाट सुरू करू नये आणि अंधारात तर नाहीच. गोव्यातील पावसाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला निसरड्या रस्त्याची सवय असते, पण मे महिन्यात उंचावर वितळलेल्या बर्फाचे ओहोळ रस्त्यावरून वाहतात, त्यांना स्थानिक लोक नाला म्हणतात. दुपारी त्यांचे पाणी वाढते, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत.

१५. गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

चारही टायर, स्टेपनी आणि जॅक. स्टेपनीत हवा आहे की नाही हे बहुतेक जण पाहत नाहीत. गाडीभोवती फिरत सर्व ओरखड्यांचे चित्रीकरण करावे, त्यात किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटाही यावा. वायपर व धुके-दिवे सुरू करून पाहावेत. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि राज्याबाहेर जाण्याचा परवाना यांची मुदत सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे ना ते वाचावे. अनामत रक्कम कधी परत मिळेल ते लेखी घ्यावे.

१६. बरोबर आजी-आजोबा आहेत आणि तीन वर्षांचे मूलही आहे. मर्यादा कोणत्या पाळाव्यात?

रात्रीचा मुक्काम २,५०० मीटरच्या आत ठेवावा. मनाली (सुमारे २,०५०), सिमला (सुमारे २,२००) आणि श्रीनगर ही गावे त्यात बसतात. उंच जागी दिवसा जाऊन यावे, झोपायला खाली यावे. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना भेटावे. गाडीत सलग पाच तासांपेक्षा जास्त प्रवास नको आणि दोन दिवसांत एकदा पूर्ण मोकळा दिवस हवा. एकाच ठिकाणी चार रात्री राहिले म्हणून सहल लहान होत नाही. उलट आजीला सकाळच्या उन्हात डोंगर पाहत निवांत चहा पिता येतो, आणि पुष्कळदा घरच्यांच्या आठवणीत तेच राहते.

१७. आम्हांला मेच्या शेवटच्या आठवड्यातच सुट्टी मिळते. उशीर होईल का?

हिमाचल, काश्मीर आणि लडाखसाठी मुळीच नाही. मेअखेरीस वरच्या खिंडी उघडू लागतात आणि पावसाळा तेथे जूनअखेरपर्यंत पोहोचत नाही. मुन्नारसाठी मात्र उशीर होतो, कारण केरळात मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास येतो. गोव्यात तो त्यानंतर काही दिवसांतच येतो, तेव्हा पुरुमेताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी, कौलांची डागडुजी आणि शाळेची तयारी यांसाठी परतीनंतर दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत.

१८. घरातील एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. त्यामुळे काही फरक पडतो का?

गोव्यातील अनेक कुटुंबांना लागू होणारा हा प्रश्न आहे आणि उत्तर होय असे आहे. मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला संरक्षित व प्रतिबंधित क्षेत्रांत जाण्यासाठी वेगळी परवानगी लागते. सिक्कीम, लडाखमधील पँगाँग व नुब्रा, तसेच किन्नौरहून स्पितीकडे जाणाऱ्या रस्त्याचा रेकाँग पिओच्या पुढील भाग त्यात येतो. नाथू ला तर परदेशी नागरिकांसाठी खुलाच नाही. कल्पा, सांगला, मनाली, श्रीनगर, दार्जिलिंग, मुन्नार येथे अशी अडचण येत नाही. मिश्र पासपोर्टच्या कुटुंबाने यांतूनच निवड केली तर तपासणी नाक्यावर एकाला मागे ठेवून बाकीच्यांनी पुढे जाण्याचा प्रसंग येत नाही. हॉटेलमध्येही त्या सदस्याचा पासपोर्ट व ओसीआय कार्ड मूळ प्रतीत लागतात.

१९. हाच प्रकार परदेशात करता येईल का?

येईल. वाहतूक खात्याच्या कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा, तो एक वर्ष चालतो. स्वित्झर्लंडमध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावी लागते आणि महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक विन्येट (पथकराचा स्टिकर) लागतो, जो तेथे घेतलेल्या भाड्याच्या गाडीवर बहुधा आधीच असतो. मे महिन्यात तेथील काही उंच खिंडी बंदच असतात. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखी डावी बाजू आहे, पण तेव्हा तेथे हिवाळा तोंडावर आलेला असतो.

२०. दरड कोसळली किंवा विमान रद्द झाले तर काय करावे?

याची तयारी आरक्षणाच्या वेळीच करावी लागते. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्या शहरात किंवा त्यापासून दोन तासांच्या आत मुक्काम ठेवावा. कल्प्याहून निघून त्याच दिवशी चंडीगडचे विमान पकडण्याचा बेत कधीही करू नये. दोन टप्प्यांचा विमानप्रवास एकाच तिकिटावर काढावा, म्हणजे पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणे कंपनीची जबाबदारी राहते. वेगवेगळी तिकिटे काढली तर दुसरे तिकीट वाया जाते. लेहची विमाने हवामानामुळे रद्द होतात, तेथून परतताना एक दिवस जास्तीचा हवाच. गाडीत प्रत्येकी एक लिटर पाणी, सुका खाऊ, टॉर्च, ओकारीच्या गोळ्या, घरातील नेहमीच्या औषधांचा चार दिवसांचा जादा साठा आणि थोडी रोख रक्कम ठेवावी, कारण वीज गेली की डोंगरातील ऑनलाइन पैसे देण्याची सोयही बंद पडते. रस्ता बंद झाल्यास दुसऱ्या गाड्यांच्या मागे आडवाटेने जाऊ नये. मागच्या गावात परतून खोली घ्यावी आणि पोलिसांनी रस्ता खुला केल्याचे सांगितल्यावरच निघावे.